मुद्देमालाचं खाणं

"रंग?" बोरकुटे साहेबांनी विचारलं.

मी टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात डोकावलो. "हिरवा, साहेब."

"लिहा. रंग हिरवा."

पंचनाम्याच्या तीन प्रती होत्या, मध्ये कार्बन. म्हणून पेन दाबून लिहिलं. मान वर करून पाहतो तर डब्यातलं जनावर मातकट झालेलं.

"साहेब, आता मातकट दिसतोय."

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला, डब्यात पाहिलं आणि चष्मा पुन्हा नाकावर आणला. "ठोसर, सरकारी कागदावर काय लिहिलंय?"

"हिरवा."

"मग तो हिरवा आहे. पुढे चला. लांबी?"

लांबी मोजायला पट्टी होती, पण शेपटी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती आणि ती सोडवायला जनावराची तयारी नव्हती. 'शेपटी गुंडाळलेली असल्याने अंदाजे नऊ सें.मी.' असं लिहिलं.

"ओळखचिन्ह?"

यावर आम्ही दोघांनीही पुन्हा डब्यात डोकावून पाहिलं. शेवटी कोपऱ्यात जमिनीवर उकिडवा बसलेला आरोपी म्हणाला, "उजव्या मांगच्या पायाचं एक नख तुटलं हाये, सायेब. बाभयीच्या सालीत अडकलं होतं."

साहेब खूश झाले. "बघा ठोसर, आरोपी किती सहकार्य करतोय. लिहा. उजवा मागचा पाय, एक नख तुटलेले."

मी लिहिलं. आरोपीनं खाली अंगठा दिला. अशा रीतीनं आरोपीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आरोपीनंच तयार करून दिला. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं.

ही गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, वनपरिक्षेत्र कार्यालयात मी कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. बी.ए., विषय राज्यशास्त्र. नोकरीला पाच महिने झाले होते आणि ती कायम व्हायची होती. बोरकुटे साहेब आमचे वनक्षेत्रपाल, म्हणजे त्या कार्यालयातला शेवटचा शब्द.

आरोपीचं नाव उकंडा. वय सत्तरीच्या आसपास. नेमकं त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून आम्ही पासष्ट लिहिलं. मंगळवारच्या बाजारात चिंचेखाली बसून तो मुळ्या, साली आणि गुडघेदुखीचं तेल विकायचा. त्याचा बापही त्याच चिंचेखाली बसायचा. गर्दी जमावी म्हणून तो एका काठीवर गुहिऱ्याचं पिल्लू बसवत असे. गुहिरा म्हणजे तो रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा, पुस्तकात ज्याला शॅमेलिऑन म्हणतात. कायद्यानं तो पाळायला बंदी आहे हे उकंडाला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. जिल्ह्याहून आलेल्या एका मोठ्या साहेबांना होतं, आणि त्यांनी गाडी थांबवून गुडघ्याचं तेल घेतल्यावर ते बोलून दाखवलं.

उकंडाला जामीन मिळाला. अट एकच, दर सोमवारी आमच्या कार्यालयात हजेरी. शिक्षा झाली तर नगरपालिका त्याची चिंचेखालची जागा काढून घेणार हे त्याला बाजारातल्या सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यातल्या तिघांना ती जागा हवी होती.

आणि गुहिरा झाला मुद्देमाल. त्याला एक जाळीचा पिंजरा मिळाला, पिंजऱ्यावर केसचा नंबर आला आणि पिंजरा आला माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला.

"ठोसर," साहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत हा जिवंत राहिला पाहिजे. मोठ्या साहेबांची स्वतःची केस आहे. तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. मुद्देमाल जगला तर कागद वर जाईल."

"आणि नाही जगला तर?"

"कागद तुमच्यासारखाच माझ्याकडे बसून राहील."

"हा खातो काय, साहेब?"

"सरडा आहे. पालाबिला खात असेल."

मी पालक ठेवला. मग मेथी. भिजवलेली हरभऱ्याची डाळ. पावाचा तुकडा. उकडलेल्या अंड्याचा बलक. एका वाटीत पाणी. तीन दिवस गुहिरा पिंजऱ्यातल्या काटकीवर बसून एका डोळ्यानं माझ्याकडे आणि दुसऱ्या डोळ्यानं भिंतीवरच्या वृक्षलागवडीच्या तक्त्याकडे बघत राहिला. दोन्हींबद्दल त्याचं मत सारखंच असावं. चौथ्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि मला माझ्या.

सोमवारी उकंडा हजेरीला आला. रजिस्टरवर अंगठा दिला, पिंजऱ्यापाशी गेला आणि मोठ्यानं हसला.

"बाबूसायेब, याचं लगन हाये काय?"

"का?"

"पंगत मांडली तुमी. मेथी काय, अंडं काय. पापड राह्यला."

"मग खातो काय हा? तीन दिवस उपाशी आहे."

"उपाशी राहीनच. मेलेलं खात नाई तो. हललं पाह्यजे." उकंडानं बंडीच्या खिशातून काडेपेटी काढली, बोटाच्या टोकानं अर्धी उघडली आणि आतून एक कोवळा नाकतोडा पिंजऱ्यात सोडला. "आता तिकडे पाहा."

"कुठे?"

"तिकडे, खिडकीबाहेर. तुमी असे टक लावून बसल्यावर कोन खाईन? तुमचा सायेब डबा खाते तवा तुमी समोर उभे राह्यता काय?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. काहीतरी टप् असं वाजलं. वळलो तेव्हा नाकतोडा नव्हता आणि गुहिऱ्याचा जबडा सावकाश हलत होता. गेल्या चार दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

"पानी कसं देता?"

मी वाटी दाखवली.

"वाटीतलं पानी त्याले दिसतच नाई. पानावर शिपडा. थेंब हालला की चाटते. अन् किडा केवढा द्याचा माहीत हाये? त्याच्या दोन डोयांच्या मधात जेवढी जागा, तेवढा. मोठा दिला तर नरड्यात अडकते. लेकरू हाये ते. दिवसातून तीन खेपा लागते त्याले."

हे सगळं मी लिहून घेतलं. फाईलीत माझी टिपणी आजही असेल: 'सदर प्राणी मृत खाद्य स्वीकारत नाही. तसेच अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत भोजन करत नाही.' साहेबांनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून सही केली.

त्या दिवसापासून माझा दिवस बदलला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात काडेपेटी घेऊन मी तहसीलच्या मागच्या गवतात उड्या मारायला लागलो. येणारे-जाणारे आधी थांबायचे, मग नमस्कार करायचे, मग नमस्कार न करताच थांबायचे. एकानं तर माझ्या वडिलांना पत्र टाकून कळवलं, मुलाला लवकर उजवून टाका म्हणून. मी मात्र सुधारत होतो. पहिल्या आठवड्यात तासाभरात दोन नाकतोडे, तिसऱ्या आठवड्यात सात. घराच्या पडवीत गुळाचं पाणी ठेवून माश्या कशा धराव्यात हेही उकंडानंच शिकवलं.

दर सोमवारी तो यायचा. अंगठा दोन सेकंदांचा, तपासणी अर्ध्या तासाची. "सकायी उन्हात नाई ठेवत काय? अशानं हाडं वाकतीन त्याची." "याले रोज माश्याच चारता वाट्टे. तुमाले रोज पिठलं देलं तर चालन काय?" मी मान खाली घालून ऐकायचो. आरोपी सरकारला झापतोय हे दृश्य साहेबांनी एकदा दारातून पाहिलं.

उकंडा गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं.

"आरोपी मुद्देमालाला स्वतःच्या हातानं खायला घालतो?"

"साहेब, त्यालाच कळतं सगळं. त्याच्यामुळेच जगलाय तो."

"उत्तम. घालू दे." साहेब खुर्चीत मागे रेलले. "आता एक पत्र टाईप करा. आरोपीने हजेरीच्या वेळी सदर प्राण्यास संशयास्पद कीटक खाऊ घातल्याचे निदर्शनास आले असून, सदर प्राण्याचा मृत्यू त्यामुळेच झाला असावा असे सकृद्दर्शनी दिसते."

"पण साहेब, तो जिवंत आहे."

"म्हणून तर तारखेची जागा मोकळी सोडायची. ठोसर, पाऊस पडल्यावर छत्री घ्यायला बाजारात जाता का तुम्ही?"

मी टाईप केलं. 'सकृद्दर्शनी' एका फटक्यात बरोबर आलं म्हणून जरा बरंही वाटलं. कागद फाईलीत लागला.

कोर्टाच्या तारखा पडत होत्या. पहिल्या तारखेला सरकारी वकील रजेवर. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश. तिसऱ्या तारखेला सगळे हजर होते, पण कोर्टात रंगकाम चालू होतं. गुहिरा मात्र कसली वाट न पाहता वाढत होता. चार महिने झाले. साहेब म्हणायचे, "ठोसर, तुमचा कागद आता टेबलाच्या काठावर आलाय."

मग हिवताप विभागाची माणसं आली. पाठीवर पंप लावून त्यांनी गावातल्या सगळ्या सरकारी भिंतींवर फवारणी केली. तो शनिवार होता. दुपारी मी नेहमीप्रमाणे काडेपेटी घेऊन निघालो आणि पाहतो तर आमच्याच व्हरांड्यात माश्या. उडत नव्हत्या; भिंतीखाली संथ फिरत होत्या, म्हाताऱ्या माणसांसारख्या. मी दोन बोटांत एकेक उचलत गेलो. वीस मिनिटांत चौदा! चार महिन्यांतला तो माझा उच्चांक होता. मला वाटलं, अखेर आपण ही विद्या शिकलो. इतकं वाटलं की सोमवारी उकंडाला हे कसं सांगायचं याची वाक्यंही मी मनात जुळवली.

चौदाच्या चौदा माश्या मी त्याला खाऊ घातल्या. खाताना खिडकीबाहेर बघायलाही विसरलो नाही.

रविवारी सकाळी गुहिरा पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. तोंड उघडं, अंग काळं. मी पानांवर पाणी शिंपडलं. थेंब हलले. तो हलला नाही.

मी त्याला वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मग खुर्चीत बसून राहिलो. भिंतीला अजून औषधाचा वास येत होता. तो वास मला शनिवारीही आला होता. ही गोष्ट मी पुढे कोणत्याही कागदावर लिहिली नाही.

सोमवारी साहेब जिल्ह्याला बैठकीला गेले होते. मी फाईलीतून तो कागद काढला, टाईपरायटरवर चढवला, तारखेच्या मोकळ्या जागेपाशी आणला आणि तेवढ्यात उकंडा दारात आला. त्यानं आधी पिंजरा पाहिला. मग मला. मग कपाटाकडे, का, ते मला कळलं नाही.

"कवा?"

"काल."

"काय चारलं होतं?"

मी सांगितलं. भिंतींचंही सांगितलं. पिंजऱ्यातली काटकी वाकडी झाली होती, ती उकंडानं हात घालून सरळ केली.

"अन् तो कागद कायचा?"

"ऑफिसचा आहे."

"माह्यं नाव हाये त्याच्यात?"

मी कागद टाईपरायटरवरून काढला. नाही म्हणायला हवं होतं. पण त्यानं चार महिने मला शिकवलं होतं.

"वाचा."

मी वाचलं. सरकारी मराठी मोठ्यानं वाचली की फार विचित्र वाटते. ऐकणारा माणूस समोर असला की अधिकच. उकंडानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे म्या मारलं."

"तसं थेट लिहिलेलं नाही बाबा. सकृद्दर्शनी म्हटलंय."

"धरल्याचं कलम येगळं अन् मारल्याचं येगळं काय?"

"वेगळं. मारल्याचं मोठं."

"किती मोठं?"

"वर्षं तुरुंगात काढावी लागतील."

तो भिंतीला टेकून बसला. बराच वेळ काडेपेटी हातात फिरवत राहिला. तिच्या आतून खुडखुड ऐकू येत होतं.

"सायेब कवा येते?"

"बुधवारी."

"मंग बुधवारलोक तारीख नका टाकू," तो उठत म्हणाला. "अन् चपराशी पाहीन असं काई करू नका. पिंजऱ्यावर कपडा टाका. म्हना, त्याले हवा लागली."

मंगळवारी बाजाराचा दिवस, पण चिंचेखाली उकंडा नव्हता. बुधवारी सकाळी मी कुलूप उघडत होतो तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. धोतराला गोखरू चिकटलेले, हातावर ओरखडे आणि मांडीवर पत्र्याचा डबा. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं होती.

"नाल्यापलीकडच्या बाभयीत सापडला," तो म्हणाला. "जरासा मोठा हाये. म्हनजा वाढला."

मी पिंजऱ्यावरचा कपडा काढला. ज्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू होता तोच गुन्हा त्यानं दुसऱ्यांदा केला होता, आणि या खेपेला माल थेट आमच्या कार्यालयात आणून दिला होता.

"बाबा, तुम्ही हे..."

"धरल्याचं एक कलम परवडते मले," उकंडा म्हणाला. "मारल्याचं नाई परवडत. चारा त्याले. भितीवरच्या माश्या सोडून."

साहेब आले. पिंजऱ्यात वाकून पाहिलं. "बराच वाढला हो हा. काय खाऊ घालता?" मी म्हटलं, नाकतोडे. कागद परत फाईलीत गेला, तारखेविना.

महिनाभरानं केस बोर्डावर आली. उकंडाला सरकारनं मोफत वकील दिला होता; नवघरे मॅडम, नुकतीच सनद मिळालेल्या, आयुष्यातली दुसरी केस. मोफत वकील म्हणून आम्ही निर्धास्त होतो. त्यांनी मात्र फाईल वाचली होती. अशी अपेक्षा कुणीच केली नव्हती.

पिंजरा न्यायाधीशांच्या समोरच्या टेबलावर ठेवला होता. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

"पंचनामा तुमच्या हस्ताक्षरात आहे?" मॅडमनी विचारलं.

"होय."

"रंग हिरवा लिहिलाय. मला हा करडा दिसतोय."

"तो बदलतो, मॅडम."

"ठीक. लांबी नऊ सेंटिमीटर. हा वीसच्या पुढे असेल."

"वाढला, मॅडम. पाच महिने झाले."

न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी पान उलटलं.

"ओळखचिन्ह वाचून दाखवा."

मी वाचलं. वाचता वाचताच माझा आवाज खाली गेला, कारण त्या ओळीचा मला पाच महिन्यांत पूर्ण विसर पडला होता.

"आता या प्राण्याच्या उजव्या मागच्या पायाची नखं मोजा. मोठ्यानं."

मी वाकलो. गुहिऱ्यानं जाळीला पाय घट्ट धरला होता. इतकं सोयीचं त्यानं याआधी कधीच काही केलं नव्हतं. "एक. दोन. तीन. चार. पाच."

"एखादं तुटलेलं?"

"...नाही."

"सर," मॅडम न्यायाधीशांकडे वळल्या. त्यांचा आवाज आनंदानं थोडा चिरकला. "ज्या प्राण्याबद्दल माझ्या अशिलावर आरोप आहे, तो हा प्राणीच नाही. मुद्देमालच नाही, तर केस कुठे राहिली?"

त्या दिवसात पहिल्यांदाच न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहणं सोडून पिंजऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग तो प्राणी कुठे आहे? आणि हा कुठून आला?"

मागच्या बाकावर बोरकुटे साहेब बसले होते. मांडीवर फाईल. गुहिरा बदलल्याचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण गडबड आहे एवढं त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीला कळलं असावं, कारण त्यांनी फाईल उघडली आणि एक कागद वर काढून ठेवला. तो कोणता हे मला लांबूनही ओळखता आलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून उकंडाही तिकडेच पाहत होता. त्याला वाचता येत नव्हतं. पण कागद त्यानं ऐकलेला होता.

खरं सांगायला मला एकच वाक्य पुरलं असतं: तो माझ्या चुकीनं मेला. त्या एका वाक्यानं उकंडा सुटला असता. मी तोंड उघडलं.

आणि पाणी मागितलं.

शिपाई पाणी आणायला गेला. तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

"तोच हाये, सायेब."

"बाबा, तुम्ही बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

"कसा नाई बोलू, बाई? माह्या हातचं जनावर मले वयखू येत नाई काय? तोच हाये."

"आजोबा, नख!" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. पण कोर्टात दबका आवाज सगळ्यांना ऐकू जातो. "तुम्हीच सांगितलं होतं ना, नख तुटलेलं आहे?"

"होतं. आता आलं."

न्यायाधीश पुढे झुकले. "तुटलेलं नख परत येतं?"

"मानसाचं येते, तर त्याचं काहून नाई येनार, सायेब? खाऊ घालनारा पाह्यजे." उकंडानं माझ्याकडे बोट केलं. "या बाबूनं माय खाऊ घालनार नाई असं खाऊ घातलं त्याले. दिवसातून तीन खेपा. इचारा गावात कोनालेई. अंगठ्याएवढं पोट्टं होतं, हाताएवढं केलं यानं. नखाचं काय घेऊन बसले?"

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी, नकळत, स्वतःच्या अंगठ्याचं नख पाहिलं. मग मला विचारलं, "काय हो, असं झालं?"

"होय, सर," मी म्हणालो. पाणी अजून आलं नव्हतं.

निकाल लांबला नाही. आरोपीने मुद्देमाल स्वतः ओळखल्यामुळे गुन्हा शाबीत. वय आणि सहकार्य पाहता शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैदेची. प्राणी जंगलात सोडून देण्यात यावा. मागच्या बाकावर फाईल बंद झाली.

बाहेर नवघरे मॅडमनी मला गाठलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पाच मिनिटं गप्प बसला असता तर निर्दोष सुटला असता हा माणूस! पाच मिनिटं!" मी म्हणालो, गावची माणसं अशीच असतात मॅडम, त्यांना कायदा समजत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. गुहिरा दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडच्या बाभळीवर सोडला. त्याचाही पंचनामा झाला आणि साहेब म्हणाले, या खेपेला रंग लिहू नका. महिन्याभरात मी कायम झालो. पुढच्या वन्यजीव सप्ताहात मोठ्या साहेबांच्या हस्ते मला प्रशस्तिपत्र मिळालं, 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वन्यप्राण्याचे आदर्श संगोपन' केल्याबद्दल. ते आज आमच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर लावलेलं आहे. पाहुणे वाचतात. जावई मोठ्यानं वाचतो. चिंचेखाली आता प्लास्टिकच्या बादल्या मिळतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी कोर्ट उठलं आणि साडेपाचच्या सुमारास उकंडा कार्यालयाच्या दारात आला. मी एकटाच होतो. सवयीनं रजिस्टर पुढे केलं आणि मग परत ओढून घेतलं.

"आता हजेरी नाही, बाबा."

"हजेरीले नाई आलो. एक इचाराचं होतं." तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. "तो पयला. त्याले कुठी पुरलं?"

मी पटकन म्हणालो, "मागे. कडुनिंबाखाली."

"दाखवता?"

आम्ही इमारतीच्या मागे गेलो. जागा दाखवायची होती, म्हणून त्यातल्या त्यात भुसभुशीत माती पाहून मी बोट केलं. इथे.

उकंडा तिथे उकिडवा बसला. हातानं वरचा पाला बाजूला केला, एक खडा उचलून लांब टाकला. मग बंडीतून काडेपेटी काढून अर्धी उघडली. एक कोवळा नाकतोडा बाहेर आला, मातीवर थांबला.

"त्याच्या वाट्याचा," उकंडा म्हणाला. "शेवटी माश्याच खाऊन गेलं लेकरू." आणि मान वळवून त्यानं कुंपणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिकडे पाहा ना, बाबू."

मीही कुंपणाकडे पाहिलं. दोघं तसेच थांबलो, जेवढा वेळ लागतो तेवढा.

"पुरलं हे बेस केलं तुमी," तो उठून धोतर झटकत म्हणाला. "दुसरा असता तर देला असता फेकून. म्हनून म्या कोर्टात म्हनलं, खाऊ घालनारा पाह्यजे."

तो गेल्यावर मी खाली पाहिलं. नाकतोडा अजून तिथेच होता. पहिला गुहिरा महिन्याभरापूर्वीच शिपायानं जुन्या फायली जाळल्या त्यात गेला होता. वर्तमानपत्रासकट मीच टाकला होता, आणि पेटतो की नाही ते पाहायला थांबलोही नव्हतो.